धवला सुरू असताना जाहिरात लागली

रेवदंड्याच्या बाजारात माझं माईक भाड्याने देण्याचं दुकान होतं. आता तिथे मुलाने मोबाइलची कव्हरं लटकवली आहेत, पण लोक मला अजून ‘माईकवाले’च म्हणतात. प्रभाकर हे माझं नाव बायकोला आणि रेशन कार्डाला ठाऊक.

लोकांना वाटतं, माईकवाल्याचं काम म्हणजे आवाज करायचा. खरं काम आवाज आवरायचं असतं. कर्ण्यातून निघालेला आवाज परत माईकमध्ये शिरला की माईक शिटी मारतो, म्हणून कर्णा माईकच्या पुढे बांधायचा, मागे कधीच नाही. भटजींचा आवाज बारीक, त्यांच्या तोंडाजवळ माईक न्यायचा. नवरीचा मामा मुळातच मोठ्याने बोलतो, त्याच्या हातात माईक द्यायचाच नाही. हे सगळं जमलं तर मांडवात माईक आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. माझ्या धंद्यातली शाबासकी ती एवढीच.

दुकानाच्या पुढच्या भागात मी कॅसेटी ठेवत असे. विकायचो, भरूनही द्यायचो, आणि लग्नात माईक लावला की टेपरेकॉर्डरची वायर जोडून तिथलं गाणं धरूनही ठेवायचो. त्याची एक प्रत लग्नघरी भेट द्यायची, म्हणजे पुढच्या लग्नाला त्या घराला माझी आठवण राहते.

मग मोबाइलवर फुकट गाणी ऐकायची ॲपं आली. माझ्या ओळखीतल्या सगळ्या कॅसेटवाल्यांनी त्यांना शिव्या घातल्या. मला तसं जमलं नाही, आणि त्याला कारण मुरूडकडचे इब्राहिमचाचा. आखातातून कायमचे परत आल्यापासून चाचा एक कव्वाली शोधत होते. तिकडे त्यांच्या खोलीतला सोबती ती रोज लावायचा आणि तो सोबती तिकडेच वारला. चाचांना ना कव्वालीचं नाव माहीत, ना गाणाऱ्याचं. एक-दोन तुटके शब्द आणि चाल गुणगुणायचे, तीही बेसूर. मी कितीतरी वर्षं त्यांच्यासाठी मुंबईहून कॅसेटी आणल्या. प्रत्येक वेळी ते अर्धं गाणं मान तिरकी करून ऐकायचे आणि म्हणायचे, “ही न्हवं, परभाकर.” एक दिवस फोन कानाला लावूनच ते दुकानाची पायरी चढले. नातीने त्यांचे तेच दोन शब्द फोनपुढे बोलून कव्वाली शोधून दिली होती. “हीच रे, हीच!” म्हणत चाचा माझ्या स्टुलावर बसले आणि रुमालाने डोळे पुसायला लागले. मला आनंद झाला आणि थोडं लागलंही. मी इतकी वर्षं जे शोधत होतो, ते त्या पोरीने चहा उकळेपर्यंत शोधलं होतं.

त्यानंतर मीही ते ॲप घेतलं. आमच्याकडच्या खाऱ्या हवेने निम्म्या कॅसेटींना बुरशी धरली होती, त्यामुळे त्यांची पेटी वागवण्यापेक्षा फोनला वायर जोडणं सोपं पडायचं. पैसे भरले तर त्यात जाहिराती लागत नाहीत हे मला माहीत होतं. तरी मी फुकटचंच चालवत राहिलो. आरतीआधी, पंगतीत कुणाला काय फरक पडतो, असा माझा हिशेब.

तो हिशेब रोह्याकडच्या एका गावात हळदीला चुकला.

घर आगऱ्यांचं. आगरी लग्नात प्रत्येक विधीच्या वेळी धवले गातात. ही गाणी म्हणणारी बाई ती धवलारीण, आणि तिच्याशिवाय पूर्वी नवऱ्याला हळद लागत नसे. साथीला वाद्य नाही, टाळी नाही. बायका भिंतीला टेकून बसतात, एक ओळ उचलते, दुसरी ती झेलते. आता धवलारणी फार थोड्या उरल्यात. या घरी जी यायची होती तिला ताप भरला. नवरदेवाचे चुलते माझ्याकडे आले. “माईकवाले, मोबाइलवर हाय ना सगलं? धवला लावा.”

शोधलं तर खरंच होतं. मी लावला. एका बाईचा आवाज मांडवात पसरला, म्हाताऱ्या बायका गप्प झाल्या, हळदीचं ताट पुढे आलं. नवरदेवाच्या वडिलांनी वाकून मुलाच्या गालाला पहिलं बोट लावलं आणि तेवढ्यात चारही कर्ण्यांतून एका गोड आवाजाने विचारलं, “तुमचेही केस गळतात का?”

वडिलांच्या डोक्यावर एक केस नव्हता. मांडव हसून लोटपोट झाला. वडीलही हसले बिचारे, पण बोट तसंच हवेत राहिलं. अख्ख्या कारकिर्दीत माझा माईक भरमांडवात असा बोलला नव्हता.

जाहिरात संपून धवला पुन्हा सुरू झाला. मान खाली घालून उभा असल्यामुळे मी तो पहिल्यांदाच नीट ऐकला. खाली कुणीतरी यंत्राचा ढोल घातला होता, पण वरचा आवाज मला कुठेतरी ओळखीचा वाटू लागला. जरासा नाकातला. ‘मांडव’ या शब्दाआधी ती बाई किंचित थांबायची, पाण्यात उतरण्याआधी पावलाने तळ चाचपावा तसं. असं थांबणारी एकच बाई मी ऐकली होती. पोयनाडच्या पलीकडे खाडीकाठच्या गावातली यमुनाबाय. आणि हा आवाज टेपवर धरला होता मीच, तीस-पस्तीस वर्षांपूर्वी कुठल्यातरी हळदीत.

फोनवर नाव पाहिलं. ‘पारंपरिक हळदी गीत, नॉनस्टॉप.’ यमुनाबायचं नाव कुठेच नव्हतं.

दोन आठवडे मी ते कुणालाच बोललो नाही. कारण सरळ होतं. टेप मी केला होता, प्रती मी वाटल्या होत्या, आणि यमुनाबायला एका शब्दाने विचारलं नव्हतं. त्या काळी कुणी विचारतही नसे. शिवाय वर्षापूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आल्याचं मला कळलं होतं, तरी मी भेटायला गेलो नव्हतो. आता चोरीची बातमी घेऊनच जायचं, तर पाय उचलत नव्हता. शेवटी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, “ती काय तुम्हाला खाणारे का? जा, आणि चार चिकू घेऊन जा.”

यमुनाबाय पडवीत खुर्चीवर बसली होती. उजवा हात मांडीवर पडलेला, तोंड एका बाजूला थोडं ओढलेलं. डोळे मात्र तेच. मला बघून तिने ओठ हलवले. “प... प... प...” आणि रागाने मान फिरवली.

“ओळखलंय तुम्हाला, काका,” तिची सून वैशाली म्हणाली. “नाव येत नाही तोंडात. कुणाचंच येत नाही. पाणी हवं असलं तरी बोट दाखवतात. कळतं सगळं, पण बोलता येत नाही, म्हणून चिडतात.” वैशाली पनवेलला शिकलेली, बोलणं शहरी. नवरा कंपनीत शिफ्टला, त्यामुळे सासूचं सगळं तीच करायची.

मी घडलेलं सगळं सांगितलं. जाहिरातीचं सांगताना यमुनाबायच्या घशातून घरघर आली. ती हसत होती हे कळायला मला वेळ लागला. मग तिने डावा हात पुढे केला. लाव.

फोनला रेंज मिळेना. वैशालीने खुर्ची मागच्या दारी, फणसाखाली नेली, तिथे दोन काड्या आल्या. धवला लागला. यमुनाबाय डोळे मिटून ऐकत होती. दुसऱ्या कडव्याला तिचे ओठ हलायला लागले, आणि ‘मांडव’ शब्दाआधी ती किंचित थांबली आणि म्हणाली, “मांडव.”

यमुनाबाय पुढची ओळ म्हणाली. त्याच्या पुढचीही. आवाज चिरका, श्वास अपुरा, पण शब्द सगळे जागच्या जागी. वर्षभर जिला पाणी मागता आलं नव्हतं, ती हळद दळण्यापासून मांडव घालण्यापर्यंत सगळं म्हणून गेली. गाणं थांबलं तशी तिने बोलायचा प्रयत्न केला आणि पुन्हा “प... प...” वरच अडकली.

“काका, अजून एकदा लावा,” वैशाली म्हणाली. ती रडत होती.

अलिबागला डॉक्टरांना विचारलं तर त्यांना फारसं नवल वाटलं नाही. बोलणं गेलेल्या काही माणसांचं गाणं शाबूत राहतं म्हणाले. गाणं आणि बोलणं मेंदूत वेगवेगळ्या वाटांनी येतं, तेव्हा एक वाट बंद झाली तरी दुसरी चालू असते. “रोज म्हणू द्या. त्यातूनच एखादा शब्द बोलण्यात उतरेल.”

मग रोज सकाळी फणसाखाली खुर्ची. मधे जाहिरात लागली की यमुनाबाय डावा हात झटकायची, माशी हाकलावी तशी, आणि जाहिरात संपेपर्यंत वैशालीला हसवत बसायची. महिन्याभरात तिच्या बोलण्यात ‘पाणी’ आलं. मग ‘बस’. मग एकदा मला, ओरडून, “परभाकर!” त्या दिवशी घरी जाऊन मी बायकोला तीनदा तेच सांगितलं.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला राहवलं नाही. ती एवढी मेहनत करते, तिचा आवाज जगभर वाजतो, आणि खाली नाव ‘पारंपरिक’? ॲपमध्ये तक्रारीची जागा असते. नातवाकडून मराठीचं इंग्रजी करवून घेतलं आणि लिहिलं की ही गाणारी बाई यमुनाबाय आहे, तिची परवानगी घेतलेली नाही, तिचं नाव टाका. खाली माझा फोन नंबर दिला.

त्यांनी नाव टाकलं नाही. त्यांनी गाणंच काढून टाकलं.

मला ते वैशालीच्या फोनने कळलं. “काका, गाणं दिसतंय पण लागत नाही. पांढुरकं झालंय. आई सकाळपासून फणसाखाली बसल्यात. मी काय सांगू त्यांना?”

मी धावत गेलो. यमुनाबाय फणसाखालीच होती, जेवली नव्हती. मी दुसरे धवले लावून बघितले, दुसऱ्या बायकांचे. ती ऐकायची, मान हलवायची, पण ओठ उघडायचे नाहीत. ते सूर, ते थांबे तिचे नव्हते. माझ्याकडची मूळ कॅसेट मी शोधली नाही असं नाही. पेटी उघडली तर टेपवर पांढरी बुरशी, बोट लावलं की तुकडे पडत होते. दहा दिवसांत तिचा ‘पाणी’ शब्द पुन्हा अडखळायला लागला.

लोक मला विचारतात, फुकटची गाणी चांगली की वाईट. चाचांची कव्वाली ॲपनेच मिळवून दिली, यमुनाबायला तिचा शब्दही. पण कॅसेट विकत घेतली की ती घरात असते. ॲपवरचं गाणं आपल्या घरात कधी आलेलंच नसतं, आपण नुसते त्याच्या दारात उभे असतो आणि आतला माणूस दार लावून घेऊ शकतो. हे मला माझ्या चुकीने कळलं, आणि किंमत यमुनाबायने मोजली.

अकराव्या दिवशी मला एक फोन आला.

“काका, ती कंप्लेंट तुम्ही टाकली काय? तुमचाच नंबर हाय त्यात. मी निखिल, उरणवरनं. गाणं मी टाकलेलं. माझं सगळं पेज बंद झालं ना राव!”

मी इतके दिवस ज्या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत होतो तो हा. मीही आवाज चढवला. दुसऱ्याच्या गळ्यावर ढोल वाजवता, नाव टाकायला हात मोडतात का?

“नाव कुठलं टाकू? कॅसेटवर नावच न्हाय!” तो म्हणाला. “आईच्या लग्नातली कॅसेट हाय ती. या घरी आणि स्वतःच बघा.”

गेलो. निखिल बंदरात कंटेनरच्या यार्डात कामाला, अठ्ठावीस-तीसचा, हौस म्हणून गाणी करणारा. मी भांडायच्या तयारीने आत शिरलो, तर त्याची आई रत्नाताई बाहेर आली, दोन क्षण बघत राहिली आणि म्हणाली, “अगो बाय! तुमी ते माईकवालं! माझ्या हळदीला तुमीच होतंव ना?”

तिने कपाटातून, साड्यांच्या घडीखालून कॅसेट काढली. वर कागदी पट्टी. माझं अक्षर. ‘हळद. बाजू १.’ आणि खाली जांभळ्या शाईत माझ्या दुकानाचा शिक्का, पत्त्यासकट.

रात्रभर गाणाऱ्या बाईचं नाव लिहायला त्या पट्टीवर भरपूर जागा होती. मी तिथे माझा शिक्का मारला होता. अशा किती कॅसेटी मी वाटल्या असतील! सगळ्यांवर माझा पत्ता आणि एकीवरही गाणारीचं नाव नाही.

“चूक तुझी नाही,” मी निखिलला म्हटलं. “माझीच आहे.”

तोही नरमला. ढोल घातलेली फाईलही त्याच्याकडे उरली नव्हती, फोन बदलताना गेली. पण कॅसेट होती. रत्नाताई दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला ती लावायची, म्हणून तिला बुरशी चढली नव्हती. फक्त टेपला आतून दाबून धरणारा बोटाच्या पेराएवढा लोकरीचा तुकडा निखळला होता. निखिल म्हणाला, आता वाजत नाही, संपली. मी पाच स्क्रू काढले, दोन्ही चकत्या अलगद उचलून दुसऱ्या रिकाम्या कॅसेटमध्ये बसवल्या आणि झाकण लावलं. पोरगा तोंड उघडं ठेवून बघत होता. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. टेपवरून फोनमध्ये उतरवून घेतलं तेव्हा जेवायची वेळ झाली होती. रत्नाताईने भाकरी आणि सुक्या जवळ्याचं कालवण वाढलं. भांडण कुणाला आठवलंच नाही.

दुसऱ्या दिवशी निखिल आणि मी यमुनाबायकडे गेलो. आता रेंजची गरज नव्हती, गाणं फोनमध्येच होतं, म्हणून तिच्या पडवीतच बसलो. ढोल नव्हता, मूळचा मांडव ऐकू येत होता. यमुनाबाय पहिल्या ओळीला लगेच लागली. ओळ संपली आणि टेपमधून दुसरा आवाज आला. कोवळा, थोडा मागून येणारा.

हा आवाज निखिलने गाण्यातून काढून टाकला होता. “तालात बसत न्हवता, म्हणून कापला,” तो हळूच म्हणाला. मी तर तो विसरूनच गेलो होतो.

पुढची ओळ यमुनाबायने घेतली नाही, त्याच्या पुढचीही नाही. ती नुसती त्या आवाजाकडे कान लावून बसली आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

“हिराबाई असतील,” वैशाली म्हणाली. “आईंची धाकटी जाऊ. दोघी जोडीनं जायच्या धवले म्हणायला. मी लग्न होऊन यायच्या आधीच त्या गेल्या. मी त्यांचा आवाज आज पहिल्यांदा ऐकतेय.”

टेप पुन्हा पहिल्यापासून लावला. या वेळी यमुनाबायने आपल्या ओळी घेतल्या आणि जावेच्या ओळींना ती गप्प बसली.

निखिल म्हणाला, “आजी, परत टाकू का? ढोल न घालता. आणि आता नाव टाकणार. तुमी हो म्हटलं तरच.”

यमुनाबायने मान डोलावली. त्याने फोनवर लिहायला घेतलं. “यमुनाबाई...”

तिने डाव्या हाताने त्याचा हात धरला. ओठ जुळवले, श्वास घेतला. आम्ही सगळे थांबलो. कुणी शब्द पुरवायचा नाही, असं वैशालीने आम्हाला बजावून ठेवलं होतं.

“हि... हिरा,” ती म्हणाली. मग एक बोट वर केलं. “पैलं हिरा.”

निखिलने नवं पेज काढून गाणं टाकलं, आणि आता ॲपमध्ये तसंच आहे. आधी हिराबाई, मग यमुनाबाई. जाहिराती अजून लागतात. ऐकणारे फार नाहीत. अधूनमधून कुणी आगरी बाई परदेशातून लिहिते की माझ्या आईने हळदीत हाच धवला म्हटला होता, आणि वैशाली ते सासूला वाचून दाखवते.

मागच्या महिन्यात मी सहज तिकडे गेलो होतो. यमुनाबाय पडवीत होती, वैशाली आत स्वयंपाकघरात मासे साफ करत होती. मी फोनवर धवला लावून तो खुर्चीजवळ ठेवला. यमुनाबायने ओळ घेतली. हिराबाईची पाळी आली तशी ती थांबली, आणि ती ओळ आतून आली. वैशाली म्हणत होती. हाताने काम करता करता, आपण म्हणतोय हे बहुधा तिचं तिलाही कळत नव्हतं. चाल बरोबर, शब्द बरोबर, हिराबाईसारखाच थोडा मागून.

यमुनाबायने माझ्याकडे बघितलं. मग पुढची ओळ घेतली, जरा मोठ्याने, आत ऐकू जावी म्हणून. आतून उत्तर आलं.

मी फोनचा आवाज कमी करत करत शून्यावर आणला. दोघींपैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नाही.